भाऊसाहेब बांदोडकर : कौल विरोधात, सत्ता कायम

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडण्यात झाला. ते गोमंतक मराठा समाजातले. परिस्थितीने गरीब असलेल्या या माणसाने खाण व्यवसायात शिरून स्वतःच्या हिमतीवर संपत्ती मिळवली. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात लोह आणि मँगनीजच्या खाणींनी गोव्यात काही मोजकी माणसे श्रीमंत केली, त्यांत ते एक. मात्र लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते दानधर्मामुळे आणि ‘भाऊसाहेब’ या संबोधनाने.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर 1963 मध्ये तिथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. काँग्रेस सहज जिंकणार, असा दिल्लीचा समज होता. तिला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा या मागणीवर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने 30 सदस्यांच्या सभागृहात मित्रपक्षासह बहुमत मिळवले; डॉ. जॅक सिक्वेरा यांचा विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. बांदोडकर स्वतः या निवडणुकीला उभे नव्हते. तरीही पक्षाने मुख्यमंत्रिपदासाठी त्यांनाच पुढे केले, 20 डिसेंबरला त्यांचा शपथविधी झाला आणि पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले.

हा विजय समजून घ्यायचा तर तेव्हाच्या खेड्याकडे पाहावे लागते. शेत भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, आणि राबणारे कूळ. मुंडकाराचे तर घरही भाटकाराच्या जमिनीवर. मालकाची मर्जी फिरली की डोक्यावरचे छप्परच जाण्याची भीती. शाळा, सरकारी नोकऱ्या, देवस्थानांचे मान हे सारे वरच्या थरांच्या हाती होते. बहुजन समाजाला महाराष्ट्र जवळचा वाटे. मराठी ही त्याच्या भजनाची, नाटकाची आणि शिकण्याची भाषा होती, शिवाय महाराष्ट्रात कूळकायदा झालेला होता. विलीनीकरणाच्या मागणीमागे भाषेइतकीच जमिनीची भूकही होती. विलीनीकरणाच्या चर्चेत ही दुसरी बाजू नेहमीच कमी बोलली जाते.

बांदोडकरांच्या सरकारने 1964 मध्ये कूळकायदा आणला. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्या घरांत आधी कुणी पाटी धरली नव्हती, तिथली मुले शिकू लागली. हे त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल.

जानेवारी 1965 मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. विरोधकांनी मात्र आग्रह धरला, की हा प्रश्न आमदारांच्या बहुमताने सोडवू नये, थेट जनतेला विचारावे. डिसेंबर 1966 मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली.

16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती : विलीनीकरणासाठी फूल, स्वतंत्र केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने. विलीनीकरणाविरुद्धच्या प्रचारात मडगावचे मराठी दैनिक ‘राष्ट्रमत’ आघाडीवर होते. मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदारापर्यंत त्याच्याच भाषेत पोचण्याचा हा मार्ग अचूक ठरला. 1,72,191 मते दोन पानांना आणि 1,38,170 मते फुलाला पडली. ख्रिस्ती मतदारांच्या जोडीला हिंदूंचा एक वर्गही विलीनीकरणाविरुद्ध गेल्याशिवाय हा निकाल शक्य नव्हता.

पक्षाचा मूळ उद्देशच लोकांनी नाकारल्यावर पक्ष संपायला हवा होता. घडले भलतेच. मार्च 1967 च्या निवडणुकीत मगो पक्ष पुन्हा सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. कूळ आणि मुंडकार यांनी विलीनीकरणाची आशा गमावली होती, आपला माणूस मात्र त्यांना गमवायचा नव्हता. बांदोडकरांनीही कौल मान्य केला आणि गोव्याचा कारभार गोव्यातूनच चालवला. लोकशाहीत हे मोठेपण दुर्मीळ असते.

त्यांच्या राजवटीला दुसरी बाजूही आहे. ते सढळ हाताचे होते, तसेच एकहाती निर्णय घेणारेही होते. पक्षातील काहींना हे खुपत होते. 1970 मध्ये आमदारांचा एक गट फुटला आणि सरकार डळमळले. त्यातून ते सावरले. 1972 च्या निवडणुकीत पक्षाला 18 जागा मिळाल्या. कला अकादमीची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीतली. खेळावरही, विशेषतः फुटबॉलवर, त्यांचे मनापासून प्रेम होते.

12 ऑगस्ट 1973 रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि जमिनीचे अपुरे राहिलेले काम त्यांनी पुढे नेले : 1975 मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, तर 1976 च्या कूळकायदा दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक मानण्याची तरतूद केली. 1979 मध्ये त्यांचे सरकार कोसळले, 1980 च्या निवडणुकीत पक्षाचा पराभव झाला आणि 30 मे 1987 रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.