छातीतली टिकटिक

नेरुळच्या आमच्या घरात रात्री वीज जाऊन पंखा थांबला, की आईच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. मी तिसरीत असताना तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. गेल्या वर्षी गावी लग्नाच्या गडबडीत आईने चार दिवस गोळी चुकवली आणि डॉक्टर फार रागावले. एका गोळीवाचून एवढे काय बिघडते, हे कळावे म्हणून मी कलाशाखेची विद्यार्थिनी असूनही या विषयाचे थोडे वाचन केले.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे फिरू द्यायचे नाही, हे त्यांचे काम. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा त्या उघडतात आणि मिटतात. लहानपणी घसा दुखून मागाहून आलेल्या संधिवाताच्या तापाने आईची एक झडप आकसली होती.

१९५२ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप रुग्णाच्या महाधमनीत बसवली. १९६० मध्ये डॉ. अल्बर्ट स्टार व अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांची चेंडूची झडप प्रत्यक्ष हृदयात बसली. पण चेंडू रक्ताची वाट अडवी. म्हणून १९६९ च्या सुमारास कलती चकती आली आणि १९७७ मध्ये कार्बनच्या दोन पाकळ्यांची झडप. आईची याच जातीची आहे.

आपल्याकडे परदेशी झडपा फार महाग पडत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झडप घडवायला घेतली. पहिले तीन नमुने फसले. त्यांतल्या एकाची नीलमण्याची चकतीच फुटली. चौथ्यात साधी, चिवट प्लॅस्टिकची चकती घातली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाला बसवली. आजवर अशा एक लाखाहून अधिक झडपा बसल्या आहेत.

या सगळ्या झडपांत एक उणीव मात्र राहिली. परक्या वस्तूला लागले की रक्त गोठू पाहते. गुठळी पाकळीत अडकली, तर झडप नीट उघडमीट करीत नाही. सुटून मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतींपासून केलेल्या झडपांना जन्मभर गोळी सहसा लागत नाही. पण त्या दहा-पंधरा वर्षांत झिजतात, तरुण वयात त्याहून लवकर. आई तेव्हा तरुण होती. पुन्हा छाती उघडावी लागू नये, म्हणून डॉक्टरांनी टिकाऊ झडप निवडली. तिच्याबरोबर गोळी आली, रक्ततपासणी आली. पालक-मेथीचे प्रमाणही सांभाळावे लागते, कारण पालेभाजी एकदम वाढली की गोळीचा गुण कमी होतो.

वाचकांना एकच विनंती. घरातल्या मुलाचा घसा दुखून ताप येत असेल, तर हळद-गुळण्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळेवर औषध मिळाले, तर हा संधिवाताचा ताप टळू शकतो.

आमच्या घरी रात्री आठ वाजता गोळी देण्याचे काम आता माझ्याकडे आहे.