आपली गाडी दोन रुळांवरची!

कुणी घड्याळं जमवतं, कुणी स्नीकर्स. मी जमवतो सत्तर वर्षांपूर्वीच्या खेळण्यातल्या आगगाड्या. त्याही रेसमध्ये कायम दुसऱ्या आलेल्या कंपनीच्या!

तुम्ही शाळेत नटराज पार्टी होतात की अप्सरा? बोर्नव्हिटा की कॉम्प्लान? हसू नका. ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी माणसंसुद्धा तावातावाने भांडायला उठतात. लहानपणी एकदा बाजू घेतली की ती सहजासहजी सुटत नाही, बॉस!

माझी बाजू जरा हटके आहे. मी अमेरिकन फ्लायरवाला. नाव ऐकलं नसेल तर तुमचा काही दोष नाही. ही एअरलाइन नाही की सायकलही नाही. ही खेळण्यातली इलेक्ट्रिक ट्रेन, आणि तिची उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्या नंबरवर गेली. पहिला नंबर लायोनेलचा. जोशुआ लायोनेल काउएन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेली ही कंपनी. अमेरिकेत आजही कुणाला 'टॉय ट्रेन' म्हटलं की पटकन तेच नाव आठवतं. आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं.

पंचवीस डॉलरचा खोका

१९९७ साली बाबा पोस्ट-डॉक करायला कनेटिकटला गेले आणि आम्हीही दोन वर्षांसाठी तिकडे गेलो. मी आठ वर्षांचा. अंगणात घरातलं जुनं सामान मांडून विकायचं, ही तिकडची पद्धत. त्याला तिथे 'टॅग सेल' म्हणतात. अशाच एका शनिवारी बाबांनी पंचवीस डॉलर मोजून एक जुनाट खोका उचलला. आत काळं वाफेचं इंजिन, टेंडर, तीन डबे, गोल फिरणारे रूळ आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर. इंजिनावर नंबर ३०२. रेडिंग रेल्वेच्या 'अटलांटिक' इंजिनाचं मॉडेल: पुढे चार चाकं, मधे चार मोठी, मागे दोन. मोनोपॉलीच्या अमेरिकन पटावर पहिलं रेल्वे स्टेशन लागतं ना, तीच ही रेडिंग.

शेजारच्या मुलाकडे मात्र लायोनेल होती. त्याच्या आजोबांची. लाल-चंदेरी नाकाचं सांता फे डिझेल, जडच्या जड, रुबाबदार. त्याच्या तळघरात गेलं की माझी गाडी एकदम गरीब वाटायची. एकदा घरी येऊन मी जाम कुरकुर केली. बाबा खोडरबरने रूळ पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याच्या गाडीला किती रूळ आहेत रे?"

"तीन."

"आणि खऱ्या गाडीला?"

झालं! त्या दिवसापासून मी कट्टर फ्लायरवाला. स्कूल बसमध्ये, अंगणात, जेवताना माझा एकच डायलॉग: "खऱ्या गाडीला तीन रूळ असतात का?" समोरच्याकडे यावर उत्तर नसायचं. आता कळतं की पन्नाशीच्या दशकात कंपनीच्या जाहिरातीही हेच ठासून सांगत होत्या. बाबांना ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं.

तिसरा रूळ म्हणजे काय फंडा?

थोडं टेक्निकल, पण मजेशीर. लायोनेलमध्ये मधल्या रुळातून करंट येतो आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जातो. डावा-उजवा दोन्ही रूळ एकाच बाजूचे. त्यामुळे रूळ वळवून गाडी त्याच रुळावर उलट दिशेने परत आणता येते, काहीही बिघडत नाही. दोन रुळांच्या गाडीत एक रूळ जाणारा, एक येणारा. तसंच वळण टाकलं की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट! मुलांच्या हातात देण्याच्या वस्तूसाठी तीन रूळ सोपे. दिसायला मात्र दोन रूळ खरे.

ही अवघड वाट निवडणारा माणूसही तसाच होता. आल्फ्रेड कार्लटन गिल्बर्ट. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पोल व्हॉल्टचं सुवर्णपदक (एका देशबांधवाबरोबर विभागून), येलमधून डॉक्टरकीची डिग्री, आणि प्रॅक्टिस करायची सोडून धंदा कसला तर जादूच्या खेळांचे सेट विकण्याचा! १९१३ मध्ये त्याने 'इरेक्टर' आणलं. आपल्या मेकॅनोसारखा, लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्टचा खेळ. १९१८ मध्ये महायुद्धामुळे खेळण्यांचं उत्पादन थांबवायचा विचार सरकार दरबारी सुरू होता. तेव्हा हा पठ्ठ्या खेळण्यांचे नमुने घेऊन थेट वॉशिंग्टनला गेला आणि बड्या अधिकाऱ्यांना त्याने ती हाताळायला दिली. बंदीचा विचार बारगळला.

अमेरिकन फ्लायर ही मुळात शिकागोची कंपनी. गिल्बर्टने ती १९३८ मध्ये घेतली आणि न्यू हेवनला आणली. महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्याने तिसरा रूळ काढून टाकला आणि 'एस गेज' आणलं. स्केल १:६४. म्हणजे खरी गाडी चौसष्ट पट लहान केली की ही तयार. हॉट व्हील्सच्या गाड्यांचंही साधारण हेच माप, त्यामुळे तुमच्या पोरांच्या गाड्या माझ्या फाटकापाशी अगदी फिट उभ्या राहतात.

जिंकला कोण?

वस्तू चांगली असली म्हणून ती नंबर वन होतेच असं नाही, हे मार्केटिंगवाल्या वाचकांना मी काय सांगावं! पन्नाशीचं दशक सरता सरता टीव्ही आला, मोटारी आल्या, विमानं आली. खऱ्या आगगाड्यांचंच वैभव ओसरू लागलं, तिथे खेळण्यातल्यांची काय कथा? गिल्बर्ट १९६१ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी कंपनीचा मोठा हिस्सा दुसऱ्यांच्या हातात गेला आणि १९६७ मध्ये कारखाना कायमचा बंद पडला.

आणि अमेरिकन फ्लायरचं नाव, साचे विकत घेतले कुणी? लायोनेलने! गंमत म्हणजे त्याच १९६७ मध्ये लायोनेलनेही दिवाळखोरी जाहीर केली. नंतर लायोनेलच्या गाड्या बनवण्याचे हक्क गेले जनरल मिल्सकडे, म्हणजे नाश्त्याचं सिरियल विकणाऱ्या कंपनीकडे. तिकडूनच १९७९ मध्ये अमेरिकन फ्लायरचं नाव लावलेल्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या. म्हणजे माझ्या लाडक्या ब्रँडचं नाव जगवलं ते त्याच्या कट्टर शत्रूने. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या नटराज आणि अप्सरा तरी कुठे वेगळ्या? दोन्ही हिंदुस्तान पेन्सिल्सच्याच.

ऑनसाइटचे वीकेंड

पुण्यात परतल्यावर आमची गाडी काही वर्षं चालली. तिकडचा ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा, आपल्याकडे २३० व्होल्ट. बाबांनी एक स्टेप-डाउन आणून मधे बसवला. मग दहावी आली, क्लास आले आणि खोका माळ्यावर गेला.

तो मनातून खाली उतरला २०१४ मध्ये. कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं ते नेमकं हार्टफर्डला, कनेटिकटमध्येच. आमच्या टीममधली पोरं वीकेंडला आउटलेट मॉल गाठायची. मी न्यू हेवनला गेलो. गिल्बर्टच्या जुन्या कारखान्याच्या इमारती अजून उभ्या आहेत. नाव 'इरेक्टर स्क्वेअर', आणि आत चित्रकार, शिल्पकारांचे स्टुडिओ. शेजारच्या हॅमडेनमध्ये एली व्हिटनी म्युझियम आहे, तिथे गिल्बर्टच्या खेळण्यांचा संग्रह पाहिला. ऑक्टोबरात पाच तास गाडी हाकत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला गेलो. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, जुन्या टॉय ट्रेनवाल्यांची जत्रा भरते तिथे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची. हॉलच्या हॉल भरून टेबलं. बहुतेकांवर लायोनेल. फ्लायरची टेबलं त्यामानाने कमी, पण तिथली माणसं हमखास गप्पिष्ट. एका आजोबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तुम्ही फ्लायरकडे कसे?" मी म्हटलं, "वडिलांमुळे." ते म्हणाले, "इथे सगळे तसेच."

दोन वर्षांत माझ्याकडे अकरा इंजिनं झाली. बायको म्हणते, अकरा तरी एकसारखीच दिसतात. मी म्हणतो, तुझ्या साड्यांबद्दल मी काही बोललोय का? (बोलायचं नसतं!)

आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली

गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं घोडं गंगेत न्हालं. तीन वर्षं भाड्याच्या टू बीएचकेत राहायचं, सोबत आई-बाबा आणि आमची सहा वर्षांची मुलगी. माळा नाही. अकरा इंजिनं, तीसेक डबे, खोकेच्या खोके रूळ. ठेवायचं कुठे?

आईचं म्हणणं, विकून टाक. बायकोचं म्हणणं, चालणारं तेवढं ठेव. मी रात्री एक्सेल शीट उघडून बसलो: मॉडेल, वर्ष, अवस्था, अंदाजे किंमत. हिशोबाने बघितलं तर सर्वात आधी जायला हवं होतं ते ३०२. त्या काळात ती इंजिनं भरपूर निघाली, म्हणून किंमत कमी. खोका फाटलेला, रंग उडालेला. शिवाय बंद पडलेलं.

बाबा शेजारी येऊन बसले. मी सहज विचारलं, "तेव्हा लायोनेल का नाही घेतली हो? त्याच टेबलावर होती का?"

"होती की," ते म्हणाले. "नव्वद डॉलरला. आपल्या महिन्याच्या किराण्याच्या निम्मे." मग जरा थांबून म्हणाले, "पण दोन रूळ दिसले, म्हटलं, हे बरं आहे. पोराला सांगायला काहीतरी आहे."

इतकी वर्षं मी ज्या निष्ठेचा झेंडा मिरवत होतो, ती त्यांनी पंचवीस डॉलरच्या बजेटमध्ये बसवून दिली होती. शेजाऱ्याच्या तळघरातून येताना माझी मान खाली नसावी, एवढ्यासाठी. गिल्बर्ट थोरच, दोन रूळही थोर. पण मी जमवत काय होतो, ते त्या रात्री स्पष्ट झालं.

एक्सेलमधला क्रम मग उलटा केला. महागडी, खोक्यातून कधी बाहेर न काढलेली आठ इंजिनं अमेरिकेतल्या एका संग्राहकाला विकली. घर बदलायचा खर्च आणि वर थोडे पैसे सुटले. तीन ठेवली: दोन चालणारी आणि ते ३०२.

३०२ चा बिघाड नेहमीचाच. फ्लायरच्या टेंडरमध्ये एक छोटं फिरतं ड्रम असतं, त्याला रिव्हर्स युनिट म्हणतात. करंट तुटून परत आला की ते एक घर पुढे सरकतं: पुढे, थांबा, मागे, थांबा. टेंडर आणि इंजिन यांच्यामधल्या बारीक वायरींचं वेष्टण जुनं झालं की तडकतं. बाबांचे हात आता थरथरतात, सोल्डरिंग त्यांना जमत नाही. ते खुर्चीत बसून सांगतात, मी करतो, आणि मुलगी टॉर्च धरते. तिला लायोनेल माहीतच नाही. तिने परवा शाळेत जाहीर केलं की आमच्या घरी आजोबांची आगगाडी आहे, आणि ती मागेपण जाते.

तुम्हालाही सुरुवात करायचीय?

• आधी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा. १९९८ पासून सुरू आहे. छंद किती दूर नेऊ शकतो ते कळेल.

• पन्नाशीच्या दशकातली अमेरिकन मुलं आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे संग्रह विक्रीला येतायत, त्यामुळे साध्या मॉडेल्सचे भाव उतरलेत. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून घेऊ नका.

• मूळ खोका असेल तर किंमत चढते. फक्त चालवायची असेल तर फाटका खोका उत्तम, घासाघीस करता येते.

• अमेरिकन ट्रान्सफॉर्मर थेट आपल्या प्लगमध्ये घालू नका. स्टेप-डाउन हवाच. सत्तर वर्षांची वायर आधी जाणकाराला दाखवा.

• रूळ स्टील वूलने घासू नका, त्याचे तंतू मोटरमध्ये जाऊन शॉर्ट होतं. साधं खोडरबर पुरतं.

• आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, तुमचं पहिलं खेळणं त्यांनी कसं निवडलं होतं. हा प्रश्न लवकर विचारलेला बरा.