सरफेस माउंट घटकाची घरगुती बदली : आकारापेक्षा उष्णतेचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरण बंद पडले, की त्याचा पुढील प्रवास बहुधा ठरलेला असतो. तंत्रज्ञ येऊन संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल असे सांगतो, त्याची किंमत ऐकून विभाग गप्प बसतो आणि कालांतराने डेड स्टॉक रजिस्टरमधील त्या नोंदीपुढे निर्लेखनाचा शेरा पडतो. घरातील उपकरणांचेही याहून निराळे काही होत नाही. वस्तुतः बोर्डावरील शेकडो घटकांपैकी एकच, आणि तोही रुपयाभर किमतीचा, निकामी झालेला असू शकतो. तो घरी बदलण्यास सुशिक्षित माणूस धजत नाही. कारण विचारल्यास 'तो फार बारीक असतो' असे उत्तर मिळते. बारीकपणाची अडचण भिंग आणि चिमटा यांनी सुटते. खरी अडचण उष्णतेच्या वहनाची आहे आणि ती विज्ञानाच्या अध्यापकाला परकी नसावी, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी विद्युतपुरवठ्याच्या वाहिनीवरील शॉर्ट झालेल्या सिरॅमिक कपॅसिटरचे, म्हणजेच धारित्राचे, उदाहरण घेतले आहे.

घटकाची ओळख

पाय बोर्डाच्या छिद्रातून आरपार घालून मागून डाख देण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी घटक पृष्ठभागावरच चिकटविण्याचे तंत्र 1960च्या दशकात विकसित झाले आणि 1980च्या दशकात सर्वत्र पसरले. या घटकांचे आकार चार अंकी संकेताने ओळखले जातात. इंची पद्धतीतील 0805 हा घटक 2.0 × 1.25 मिलिमीटर, 0603 हा 1.6 × 0.8 मिलिमीटर, तर 0402 हा 1.0 × 0.5 मिलिमीटर असतो. येथे एक सापळा आहे. दशमान पद्धतीतही 0603 हा संकेत आहे. मात्र तो 0.6 × 0.3 मिलिमीटरच्या, म्हणजे इंची पद्धतीतील 0201 घटकाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदी करताना म्हणूनच संकेतापेक्षा मिलिमीटरमधील माप सांगणे अधिक सुरक्षित.

रोधकावर मूल्य छापलेले असते. 103 म्हणजे 10 च्या पुढे तीन शून्ये, अर्थात 10 किलोओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र बहुधा काहीच लिहिलेले नसते. त्याचे मूल्य परिपथाच्या आराखड्यावरून किंवा बोर्डावरील तशाच शेजारी कपॅसिटरवरून ठरवावे लागते. केवळ मायक्रोफॅरॅडचा आकडा जुळवून भागत नाही. एक्स5आर किंवा एक्स7आर वर्गातील सिरॅमिक कपॅसिटरवर एकदिश दाब दिला की त्याची प्रत्यक्ष धारकता घटते; लहान आकाराच्या, जास्त धारकतेच्या आणि कमी दाबमर्यादेच्या नगात ती निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. म्हणून नवा नग जुन्याच्याच आकाराचा, त्याच वर्गाचा आणि त्याच किंवा अधिक दाबमर्यादेचा असावा.

दोषशोध

या कामातील सर्वांत मोठा वेळ येथे जातो, आणि तो जाऊ द्यावा. पुरवठ्याची वाहिनी आणि जमीन यांच्यातील रोध मल्टिमीटरवर एखादा ओहम किंवा त्याहून कमी आला, तर शॉर्टचा संशय घ्यावा. अर्थात मोठ्या प्रोसेसरच्या गाभ्याला पुरवठा करणाऱ्या वाहिनीचा रोध मुळातच कमी असतो; तेथे या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. खरी पंचाईत अशी, की एका वाहिनीवर वीस-तीस कपॅसिटर समांतर जोडणीत असतात आणि मल्टिमीटर त्या सर्वांवर एकच आकडा दाखवितो. एकेक काढून पाहणे हा बोर्ड खराब करण्याचा खात्रीचा मार्ग होय.

त्याऐवजी प्रयोगशाळेतील प्रवाह-मर्यादा असलेला पुरवठा त्या वाहिनीला जोडावा. दाब वाहिनीच्या नेहमीच्या दाबापेक्षा बराच कमी, सुमारे 1 व्होल्ट, आणि प्रवाहाची मर्यादा 1 ते 2 अँपिअर ठेवावी. मग संशयित भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्यावा. शॉर्ट 0.4 ओहमचा आणि प्रवाह 1.5 अँपिअर असल्यास त्या कणाएवढ्या घटकात सुमारे 0.9 वॉट उष्णता निर्माण होते, आणि अल्कोहोल प्रथम त्याच्यावरून उडून जाते. महागड्या थर्मल कॅमेऱ्याचे काम येथे काही थेंब करतात. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने खिडकी उघडी आणि तापलेला सोल्डरिंग आयर्न दूर असावा.

उष्णतेचा हिशोब

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॉट प्रति मीटर केल्व्हिन, तर बोर्डाच्या काचतंतू-इपॉक्सी पदार्थाची सुमारे 0.3, म्हणजे हजार पटींहून अधिक फरक. कपॅसिटरचे एक टोक पुरवठ्याच्या अरुंद पट्टीला आणि दुसरे जमिनीच्या विस्तीर्ण तांब्याच्या थराला जोडलेले असते. पहिल्या टोकाचा डाख क्षणात वितळतो; दुसऱ्या टोकाची उष्णता तांबे पळवून नेते. दुसरे टोक घट्ट असतानाच घटक ओढला, तर त्याखालचा तांब्याचा तुकडा, ज्यास पॅड म्हणतात, उखडून येतो. पॅड बोर्डाला इपॉक्सीनेच चिकटलेले असते आणि 130 ते 180 अंश सेल्सिअसच्या पुढे, पदार्थाच्या प्रतीनुसार, ही पकड मऊ पडते. घरगुती दुरुस्तीत बोर्ड कायमचे निकामी होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

त्यात मिश्रधातूची भर पडते. युरोपीय संघाने शिशावर घातलेले निर्बंध 1 जुलै 2006 पासून, तर भारतातील ई-कचरा नियमांतील तत्सम तरतुदी 1 मे 2014 पासून लागू झाल्या. त्यामुळे अलीकडील बोर्डांवर बहुधा शिसेविरहित डाख आढळतो. त्याचा नेहमीचा प्रकार 217 ते 220 अंशांना वितळतो. 63 टक्के कथिल आणि 37 टक्के शिशाचा जुना डाख मात्र 183 अंशांनाच.

या दोन बाबींवरून कामाची रीत आपोआप ठरते. नवशिका घटक बारीक म्हणून सुईसारखे टोक निवडतो. ते चूक आहे. सुईच्या टोकातून उष्णता पुरेशी वाहत नाही, मग टोक दहा-दहा सेकंद टेकविले जाते. दीड-दोन मिलिमीटर रुंदीचे पटाशीसारखे टोक 320 ते 350 अंशांवर ठेवून दोन-तीन सेकंदांत काम उरकणे बोर्डाला कमी त्रासाचे ठरते. तापमानावर नियंत्रण नसलेला साधा आयर्न रिकामा राहिल्यास 400 अंशांच्याही पुढे जाऊ शकतो.

काढताना दोन्ही टोकांवर भरपूर फ्लक्स लावून थोडा शिसेयुक्त डाख मिसळावा. मिश्रणाचा वितळणबिंदू उतरतो आणि वितळलेला साठा वाढल्याने उष्णता टिकते. हा डाख दोन्ही टोकांना स्पर्श करील एवढा झाला, की पटाशीचे टोक आडवे धरून घटक बाजूला सरकवावा, उपटू नये. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरील कारागीर हेच काम गरम हवेच्या गनने दिवसातून अनेकदा करतो. त्याला वाहकतेचे आकडे ठाऊक नसतील, पण बोर्ड खालून आधी तापविल्यावाचून तो जमिनीच्या थराला हात लावत नाही. जाड तांब्याच्या बोर्डासाठी घरीही हेच करावे.

नवा नग बसविताना

पॅडवरचा जुना डाख तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, म्हणजे विकने, टिपून घ्यावा. एका पॅडवर नव्या डाखाचा थेंब द्यावा, तो वितळलेला असताना चिमट्याने नग बाजूने सरकवून स्थिर करावा, थंड झाल्यावर दुसरे टोक जोडावे आणि मग पहिले टोक थोड्या फ्लक्ससह पुन्हा वितळवावे. आयर्न पॅडला टेकवावा, सिरॅमिकला नव्हे. एकाएकी तापल्याने सिरॅमिकमध्ये डोळ्यांना न दिसणारी चीर पडते.

दोन्ही टोके एकदम वितळली तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. वितळलेल्या डाखाचा पृष्ठताण सुमारे 0.4 न्यूटन प्रति मीटर धरला, तर 0.8 मिलिमीटरच्या कडेवर 0.32 मिलिन्यूटन बल मिळते. पाच मिलिग्रॅमच्या नगाचे वजन अवघे 0.05 मिलिन्यूटन असते. या मापावर गुरुत्वाकर्षण दुय्यम ठरते. म्हणूनच किंचित तिरपा नग दोन्हीकडील डाख वितळताच आपणहून सरळ होतो. आणि एकाच टोकाने आधी ओढले, तर तो त्या टोकावर उभा राहतो. ज्याला बारीकपणाचे भय वाटते, त्याच्या मदतीला हाच बारीकपणा येतो.

काही मर्यादा

घरगुती विजेवरील पुरवठ्याच्या उच्चदाब भागात हे काम करू नये. 230 व्होल्टच्या विजेपासून तेथे सुमारे 325 व्होल्ट एकदिश दाब तयार होतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो. फ्लक्सच्या धुरातील राळेमुळे दम्याचा त्रास उद्भवू शकतो, म्हणून वायुवीजन हवे. शिसे या तापमानाला बाष्परूप होऊन श्वासात जाते ही समजूत चुकीची आहे. धोका हातावाटे पोटात जाण्याचा असतो. काम जेवणाच्या टेबलावर करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

विद्युतपुरवठा पूर्ववत जोडण्यापूर्वी

फ्लक्स अल्कोहोलने पुसून, बोर्ड पूर्ण थंड झाल्यावर वाहिनी आणि जमीन यांच्यातील रोध पुन्हा मोजावा आणि आधीच्या आकड्याशेजारी वहीत नोंदवावा. पहिला पुरवठा प्रवाह-मर्यादेसहच द्यावा. रोध वाढला असूनही काही दिवसांनी तोच नग पुन्हा शॉर्ट झाला, तर दोष बहुधा डाखात नसतो. सिरॅमिक कपॅसिटर तडकण्याचे एक नेहमीचे कारण बोर्ड वाकणे हे आहे, आणि स्क्रूच्या छिद्राजवळ किंवा बोर्डाच्या कडेला बसविलेले नग त्यास प्रथम बळी पडतात. अशा वेळी खोक्यातील आधाराचे खुंट एका पातळीत आहेत का हे पाहावे, सर्व स्क्रू आधी सैल बसवावेत आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.