गादीच्या बर्थमागचे प्राध्यापक : मधू दंडवते
स्लीपरच्या डब्यात आज आपण मऊ बर्थवर झोपतो, त्याचं मोठं श्रेय मधू दंडवते यांचं! १९२४ साली अहमदनगरला जन्म, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रही. १९७१ पासून राजापूरने त्यांना सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून दिलं. आणीबाणीत तुरुंगवास झाला. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर १९७४ च्या रेल्वे संपातल्या बडतर्फ कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर गाद्या आणल्या. कोकण रेल्वेसाठी ते अखंड झटले. पुढे अर्थमंत्री असताना १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. २००५ मध्ये ते गेले. सत्ता सामान्यांसाठी कशी राबवावी, हे त्यांच्याकडून शिकावं!