तीन न्यायालयं, एकच फाईल

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने परवा विचारलं, "दादा, पुनरावृत्ती आणि पुनर्विश्लेषण यात फरक काय? दोन्हीत निकाल परत तपासतात ना?" मी प्रयोगशाळेतलं उत्तर दिलं. दुसऱ्याने नवीन नमुने घेऊन प्रयोग पहिल्यापासून केला तर ती पुनरावृत्ती. तुमच्याच वहीतले आकडे घेऊन परत गणित केलं तर ते पुनर्विश्लेषण. वहीत आकडाच चुकीचा लिहिला असेल, किंवा एखादा आकडा लिहिलाच नसेल, तर पुनर्विश्लेषण दहा वेळा केलं तरी ते सापडत नाही.

उत्तर बरोबर होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग त्याला एक खटला सांगितला. तोच इथे लिहितोय. त्याआधी गुन्ह्याची फाईल कशी तयार होते ते बघू, कारण सगळी गंमत (खरं तर गंमत नाहीच) तिथे आहे.

समजा धाडच्या पोलीस ठाण्यात कोणी दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली. ठाणे अंमलदार ती लिहून घेतो, तो एफआयआर. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली होतं. त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 154 होतं. गुन्हा भोकरदनच्या हद्दीत घडला असेल तरी धाडला खबर नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद करून ती तिकडे पाठवायची. ही हद्द नुसती पोलिसांची नाही. धाड बुलडाणा जिल्ह्यात, म्हणून तिथलं अपील नागपूर खंडपीठाकडे जातं. भोकरदन जालना जिल्ह्यात, म्हणून तिथलं औरंगाबाद खंडपीठाकडे. बाजाराला जाण्याइतकी जवळची गावं, पण फाईल निघते दोन विरुद्ध दिशांना.

पुढे तपास. घटनास्थळाचा पंचनामा, मुद्देमाल जप्ती, साक्षीदारांचे जबाब, गरज असेल तर ओळख परेड. जबाबाची एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते: पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो जबाब स्वतः पुरावा नसतो. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर विसंगती दाखवायला तो वापरतात. पोलिसांपुढे दिलेली कबुलीही आरोपीविरुद्ध चालत नाही. शेवटी तपास अधिकारी सगळं एकत्र करून दोषारोपपत्र दाखल करतो. खुनासारखा गुन्हा असेल तर न्यायदंडाधिकारी तो खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात.

इथे थांबा. दोषारोपपत्रात काय घालायचं हे तपास अधिकारी ठरवतो. संशोधनात लेखात कोणते आकडे द्यायचे हे जसं आपण ठरवतो, तसंच. वही जाड असते, लेख आठ पानांचा असतो.

आता तो खटला. 5 जून 2003 च्या रात्री शेतातल्या झोपडीत दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, एका महिलेवर आणि एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाले. कुटुंबातले दोघं वाचले, आई आणि मुलगा. दोनच दिवसांनी त्या आईला पोलिसांकडचे गुन्हेगारांचे फोटो दाखवण्यात आले. तिने त्यातले चार जण ओळखले.

त्या चौघांवर खटला चालला नाही. खटला चालला सहा वेगळ्याच माणसांवर. सगळे भटक्या जमातीतले, अगदी गरीब. मुख्य आधार काय, तर वाचलेल्या त्याच दोघांनी या सहा जणांना ओळखलं.

2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागतेच. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप बदलून परत फाशी केली. म्हणजे पुन्हा सहा. पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला गेला. नंतर सिद्ध झालं की सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. वयासारखी साधी गोष्ट तीन न्यायालयांतून निसटली.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेऊन अपिलं पुन्हा ऐकायला घेतली. 5 मार्च 2019 ला न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. आईने आधी ओळखलेल्या चौघांचा तपास का झाला नाही, हा या निकालाचा कणा आहे. तपास यंत्रणेवर कडक ताशेरे आहेत, आणि सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश आहे. घटनेला तोवर सोळा वर्षं होत आली होती.

मुलाने लगेच विचारलं, "मग तीन-तीन कोर्टं काय करत होती?"

ती पुनर्विश्लेषण करत होती. अपिलाचं कोर्ट साक्षीदार परत बोलावत नाही, घटनास्थळी जात नाही. खालच्या कोर्टातला कागद वर येतो आणि त्यावर युक्तिवाद होतो. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती अपवाद म्हणूनच वापरली जाते. त्यामुळे तीन न्यायालयांनी दोषी ठरवलं म्हणजे तिप्पट खात्री झाली, असं गणित होत नाही. तीन स्वतंत्र मोजमापं असती तर झालं असतं. इथे मोजमाप एकच होतं, वाचणारे तीन होते. उलट 2019 ला सुद्धा नवा प्रयोग झाला नाही. त्याच खटल्याचे कागद, फक्त या वेळी विचारलं गेलं की ज्या चौघांची नावं सुरुवातीलाच पुढे आली ते कुठे गेले?

मला स्वतःला यात पूर्वग्रहाचा वाटा मोठा वाटतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो रद्द झाला. पण आपल्याकडे पारध्यांच्या तांड्यावर चोरीनंतर पहिली गाडी कोणाकडे जाते, हे वऱ्हाडात कोणालाही विचारा. सांख्यिकीच्या भाषेत बोलायचं तर पुरावा बघण्याआधीच संभाव्यता ठरलेली असते. मग कमकुवत पुरावाही पुरेसा वाटतो.

फाईलबाहेर राहणाऱ्या कागदांवर एक उपाय निघाला आहे. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी नियमांचा मसुदा मान्य केला. तपास अधिकाऱ्याने ज्या जबाबांवर, कागदांवर किंवा वस्तूंवर भिस्त ठेवलेली नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यायची, असं त्यात आहे. आपल्याकडे लेखासोबत पुरवणी माहिती जोडतात ना, तसंच. फोटो ओळखण्यासारखी गोष्ट अशा यादीत आली, तर निदान बचाव पक्षाच्या वकिलाला ती मागता येते.

गुन्हेगारीवर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी आता थोडं आकड्यांचं. शिक्षेचं प्रमाण काढताना खटला चालवणाऱ्या न्यायालयात त्या वर्षी निकाली निघालेल्या खटल्यांपैकी किती जणांत शिक्षा झाली ते बघतात. म्हणजे हा खटला 2006 च्या खात्यात 'शिक्षा' म्हणूनच बसतो. 2019 ला सुटका झाली तरी जुना तक्ता बदलत नाही. दुसरं, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. बलात्कार करून खून झाला असेल तर नोंद खुनाखाली. तेव्हा तक्त्यातल्या बलात्काराच्या आकड्यावरून जिल्ह्यांची तुलना करताय तर हे आधी लिहून ठेवा, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल. आणि शिक्षेचं प्रमाण वाढलं म्हणजे तपास सुधारला, असं वाक्य लिहिण्याआधी त्या सहा जणांची आठवण ठेवा. तेही त्या वाढीत मोजले गेलेत.

2019 च्या निकालात आणखी एक आदेश आहे, बातम्यांत तो भरपाईच्या आकड्याखाली दबला. आईने फोटोतून ओळखलेल्या त्या चौघांचा पुढील तपास करा, असा. दोन दिवसांच्या ताज्या आठवणीवर जे काम व्हायचं होतं, ते सोळा वर्षांनी सांगावं लागलं.