दुसऱ्या शस्त्रक्रियेचे देणे

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६२ साली थॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी एका स्त्रीच्या वक्षस्थळी सिलिकॉनची पिशवी प्रथम बसविली. तेव्हापासून लक्षावधी स्त्रियांनी, कोणी सौंदर्यासाठी तर कोणी कर्करोगाने हिरावलेल्या स्तनाच्या जागी, हे रोपण करून घेतले आहे. ते जन्मभर पुरते ही समजूत मात्र भ्रामक होय.

शरीर या परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण निर्माण करते. ते कधी आवळत जाते आणि स्तन कठीण व वेदनामय होतो. पिशवी फाटली तरी आतील सिलिकॉन पुष्कळदा त्या आवरणातच राहते आणि स्त्रीला पत्ताही लागत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली अशी शिफारस केली की, त्रास नसला तरी पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी व पुढे दर दोन-तीन वर्षांनी व्हावी. दोष आढळला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. जुनी पिशवी काढली जाते, जरूर पडल्यास आवरणही कापले जाते. नवी बसविली तर तीही एक दिवस जुनी होणारच.

हे देणे कोणी फेडावयाचे? फ्रान्समध्ये या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. तेथील 'पीआयपी' ही कंपनी मान्यता नसलेले औद्योगिक सिलिकॉन वापरीत असल्याचे २०१० साली उघडकीस आले. डिसेंबर २०११ मध्ये सरकारने सुमारे ३०,००० स्त्रियांना ती रोपणे काढून घेण्याचा सल्ला दिला. काढण्याचा खर्च सार्वजनिक विम्याने उचलला. नवी बसविण्याचा मात्र केवळ कर्करोगानंतर रोपण केलेल्यांचाच. संस्थापक जाँ-क्लोद मास यास २०१३ साली चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पण भरपाई द्यावयाची ती कंपनी तत्पूर्वीच बुडाली होती.

हौसेचा भार सार्वजनिक तिजोरीने का सोसावा, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु जिला फक्त पहिल्याच शस्त्रक्रियेची किंमत सांगण्यात आली, तिने दुसरीचे देणे जाणूनबुजून पत्करले असे कसे म्हणता येईल? २०२१ साली अमेरिकेने ठळक इशारा आणि रुग्णाच्या सहीची सूची सक्तीची केली, ती याच कारणास्तव. पुढील खर्चाची कल्पना न देता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. विकणाऱ्याने हे आधी सांगितले पाहिजे, आणि त्याने ते सांगितले की नाही हे शासनाने पाहिले पाहिजे.