ज्यांनी ठरवले नव्हते, त्यांचे काय?

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले काही ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांच्या त्यागाच्या कथा चर्चच्या इतिहासात आदराने सांगितल्या जातात. घर सुटले, जात गेली, आईबाप अंतरले. हे सारे खरेच आहे. पण त्या त्यागातला मोठा वाटा अशा माणसांनी उचलला, ज्यांना कुणी काही विचारलेच नव्हते.

1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तरी मिशनऱ्यांकडचे अन्न पोटात गेले म्हणून जात त्याला आत घेईना. प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्यावे, अशी बाजू पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांनी धरली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल गाव वसवले. श्रीपतचे नाव आपल्याला भेटते ते त्या वादापुरतेच.

काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी त्यांच्याकडे आली, पण लवकरच वारली. त्यांची मुलगी परक्या युरोपीय कुटुंबात वाढली.

सरकारने कायदे केले. 1850 च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला. 1866 च्या कायद्याने, जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला विवाह मोडून घेण्याची वाट दिली. कागदावर दोघेही मोकळे होत. पण त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईला कसले आले पुनर्लग्न?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा म्हणूनच मला या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई दूर नातेवाइकांच्या आश्रयाने होत्या. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालणार नाही, अशी अवस्था! त्यांची तडफड, संताप, लोकांचे बोलणे, टिळकांची पत्रे हे सगळे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या, तरी चूल वेगळी आणि सोवळे कडक. ते सोवळे सुटले त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हे, हे मनाला पटले आणि मग त्या कुणाच्याही हातचे खाऊ लागल्या. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या निर्णयानंतर पाच वर्षांनी त्यांनी स्वतःचा निर्णय घेतला. ही पाच वर्षे टिळकांच्या चरित्रात दोनचार ओळींत उरकतात, आणि ते मला खटकते. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. त्याही धाडसात घर सोबत होतेच. 1919 मध्ये ते गेले, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

नगर जिल्ह्यातल्या महार-मांग कुटुंबांची गोष्ट निराळी. 1876-78 च्या दुष्काळानंतर अनेकजण मिशनकडे वळले. त्यांना सोडायला ना वाडा होता, ना वतनाचा मोठा तोरा. उलट शाळा मिळाली, अक्षर मिळाले. त्यांच्या वंशजांना किंमत मोजावी लागली ती स्वातंत्र्यानंतर. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. वस्ती तीच, आडनाव तेच, गावाची नजरही तीच; पण जातीवरून मारहाण झाली तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. या प्रश्नावर 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. ज्यांच्यासाठी तो नेमला, त्यांतले बहुतेक जन्माने ख्रिस्ती आहेत.